सिंकखालची कुट्टी

शिरूरमधला आमचा फ्लॅट म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. गिऱ्हाइकांना भुलवायला त्याने जे जे लावलं होतं, ते सगळं आमच्या गळ्यात पडलं. सिंकखाली भाजीची सालं, उष्टं-खरकटं बारीक करून पाण्याबरोबर सोडून देणारं एक मशीनही त्यातलंच. नवरा सणसवाडीला कंपनीत मेंटेनन्सला, त्यामुळे तो खूश. माझं मात्र त्या घरघरीशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं.

मग माझे सासरे आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सासूबाई गेल्यावर ते वडगाव रासाईला एकटेच राहायचे. गुडघे कुरकुरायला लागले तशी शेवटची म्हैसही विकून टाकली. आम्ही त्यांना बळेच घेऊन आलो. "आठ दिस ऱ्हातो," म्हणाले आणि कपड्यांची पिशवी दाराजवळच्या हुकाला अडकवली. कपडे काही कपाटात ठेवू देईनात. ती भरलेली पिशवी दिसली की वाटायचं, हे आता निघालेच. माझे वडील मी लहान असतानाच गेले. घरात कुणीतरी मोठं माणूस खाकरत असलं की मला बरं वाटतं. आबांनी राहावं असं मला फार वाटत होतं, पण बोलायचं धाडस नव्हतं.

चौथ्या दिवशी मी दुधीची सालं सिंकमध्ये ढकलली आणि बटण दाबलं. आबा हॉलमधून लगबगीने आले.

"काय खातंय त्ये?"

"कचरा, आबा."

"दुधीची सालं म्हंजी कचरा व्हय? म्हशीनं शेपूट हलवत खाल्ली असती."

पुढचे दोन दिवस ते सालं कॅरीबॅगमध्ये भरून सोसायटीभोवती गाय शोधत फिरले. गाय भेटली नाही. वॉचमनने मात्र दोनदा हटकलं. आबांचा चेहरा उतरला आणि रविवारी गावी जायची भाषा सुरू झाली.

शनिवारी मी शेवग्याची आमटी केली. नवऱ्याने तिघांच्या ताटांतला चोथा मोठ्या ऐटीत मशीनमध्ये ओतला. मशीन नुसतंच गुंगुं करत राहिलं आणि बंद पडलं. मेंटेनन्सवाल्या साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि थेट आत हात घालायला निघाले.

"हात काढ!" आबा असे ओरडले की माझ्या हातातलं पातेलं पडलं.

त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. वरचं पेर नव्हतंच. "म्हशीची वैरण कापताना कडबा कुट्टीत गेलंय ह्ये. तवा बी मशीन बंद हाय असंच वाटलं हुतं."

त्यांनी नवऱ्याला सॉकेटमधली पिन काढायला लावली. "ही हातात धर आन् हितंच उभा ऱ्हा." इंजिनियर माणूस पिन धरून निमूट उभा. आबा स्टुलावर बसले, मशीनच्या बुडाला चाचपून भोक शोधलं, त्यात मशीनबरोबर आलेली वाकडी एलन की घालून पुढे-मागे फिरवली. अडकलेली चकती मोकळी झाली. मग वरून चिमट्याने शेवग्याचे धागे ओढून काढले, खालचं लाल बटण दाबलं, पिन परत लावायला सांगितली, पाणी सोडलं. मशीन चालू!

"ही तर कुट्टीच हाय, पान्यातली. धागा घातला की गुंडाळनारच. आदी पानी सोडावं, थोडं थोडं घालावं, आन् खाऊन झाल्यावर बी पानी पाजावं."

रविवारी आबा गेले नाहीत. मशीनचा ताबा त्यांच्याकडे गेला. सकाळ-संध्याकाळ वैरण. सालं विळीवर बारीक चिरून, पाण्याची धार धरून. वास यायला लागला की बर्फ आणि लिंबाची साल घालून त्याचे दात घासायचे. कांद्याचं टरफल आत गेलं की मला बोलणी बसायची. मी ऐकून घ्यायचे. पिशवी मात्र हुकालाच होती.

महिना झाला आणि आबा म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीनं जातो. लई झालं." नवरा म्हणाला, "स्टँडवर सोडतो." त्या क्षणी मला त्याला लाटण्याने बडवावंसं वाटलं.

सकाळी आबा आंघोळीला गेले. मी आदल्या संध्याकाळी गुपचूप आणलेली मक्याची कणसं सोलली, सगळी पानं आणि कणसांचे केस मशीनमध्ये कोंबले आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत ते गप्प झालं.

"आबा, बंद पडलं हो!"

आबा आंघोळ उरकून, खांद्याला पिशवी लावूनच आले. पिशवी ओट्यावर ठेवली. पिन काढून माझ्या हातात दिली. "धर." की फिरवली, चिमटा घातला आणि एक लांबलचक हिरवं पान बाहेर काढलं. त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सूनबाई, मका कवा आनला?"

मी पिन धरून उभी. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. "जाऊ नका ना, आबा."

त्यांनी ते पान बोटांत फिरवलं.

"तेवढ्यासाठी मुक्या जनावराचा जीव घ्यायला निघालीस व्हय?" त्यांनी पान ओट्यावर ठेवलं. "कनसं कुठं दडवलीस? आन, भाजू. आन् त्या कपाटात एक कप्पा मोकळा कर."