स्वखुशीने मोकळा केलेला पाट

मी दुसरीत शाळा सोडली, पण आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ते मीच. देवापुढे नारळ धरून माणसाचं मागणं मोठ्याने सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं.

गोवा राज्य झालं तेव्हाचे उमेदवार मराठी-कोंकणीवरून भांडायचे. पण दारात येऊन भांडायचे, सोप्यावर बसून चहा प्यायचे, माझ्या शिव्या खाऊन जायचे. आताचा फोनवर बोलतो. तोही स्वतः नव्हे, भरून ठेवलेला आवाज.

गेल्या निवडणुकीच्या साली खाणीवरची लाल माती वाहून आली आणि माझ्या वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, पाट बुजला. शेतात पाणी पोचेना, रोपं पिवळी पडायला लागली. अशात फोन वाजला.

"नमस्कार, मी तुमचा सेवक बोलतोय."

"बरां झालां बाबा," मी म्हटलं, "माझो पाट बुजलो हा."

"आपण विकास घडवूया."

मी पुन्हा पाट सांगितला, त्याने पुन्हा विकास. वाक्य संपलं की थोडा थांबायचा. तिथे चुलीकडून बायको सवयीने ओरडली, "व्हय महाराजा!"

"गप रव गे, मशीन तां!"

"मगे तुमी कोणाकडे झगडतास?"

पुढे रोज सकाळी तेच. ऐकायला कान नाही, नुसतं तोंड.

मग प्रचाराचा नारळ ठेवायला तो देवळात आला. गळ्यात हार, मागे गाड्या.

"काका, माझ्यासाठी गाऱ्हाणं घाला."

"देवाक फोन कर मरे! भरून ठेवलेलो आवाज धाड."

गाव हसला, तो नाही. नारळ मात्र मी हातात घेतला.

"बा देवा महाराजा, ह्यां तुझां लेकरू पायाकडे इलां हा, तेका यश दी!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

"खाणीच्या मातयेन बुजलेलो पाट तो मतदानाच्या आदी मोकळो करतलो!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणाला. तो गप्प. मी नारळ खाली ठेवला नाही, त्याच्याकडे बघत राहिलो.

"म्हण."

"व्हय महाराजा," तो पुटपुटला.

त्याच आठवड्यात माती उपसायचं यंत्र आलं. माझ्या रोपांची दया येऊन नव्हे, देवाला भिऊन. भित्रा मेला!

पाणी चढलं, रोपं हिरवी झाली. आणि सकाळी फोन : "तुमच्या गावातला पाट मी स्वखुशीने मोकळा करून दिला."

स्वखुशीने! फोन बायकोच्या कानाला होता. त्या खेपेला तीसुद्धा व्हय म्हणाली नाही.