कोंढाण्याच्या लेण्यात पुढचं कोण म्हणालं?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. शाळेत मी दोनच बुकं शिकलो, पण कान माझे शाबूत आहेत. जे ऐकलं ते ऐकलं. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा.

गोष्ट इंग्रज अमदानीतली. भिवपुरीचं वीजघर नुकतंच सुरू झालं होतं. मी कोंदिवड्याचा, तेव्हा पंचविशीच्या आतला. कर्जत स्टेशनावर उतरणाऱ्या हौशी लोकांना डोंगर दाखवायला न्यायचो. तिथंच गुणपाल भेटला. सिलोनचा, म्हणजे आपल्या लंकेचा. मुंबईत डॉक्टरी शिकत होता. रविवारी सकाळच्या गाडीने यायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. पेठचा किल्ला, खालापूरकडचा इर्शाळगड... सगळं त्याला बघायचं असायचं. बाकीचे पाहुणे वर पोचले की आधी पाणी मागत. हा आधी मला द्यायचा, मग स्वतः प्यायचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याचं मराठी इस्पितळातल्या पेशंटांकडून शिकलेलं. पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा आईच्या पाया पडला आणि काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाला, "आई, जीभ दाखवा."

आईला हसू आवरेना. "आगं बया! ह्यो रावनाच्या गावचा ना रं? मंग बाकीची नऊ तोंडं कुटं ठिवलीस बाबा?"

"कॉलेजात," तो म्हणाला. "परीक्षेला लागतात."

त्या दिवसापासून तो आईचा लाडका.

एका रविवारी मात्र तो गाडीतून उतरला तो तोंड पाडूनच. त्याची आई वारली होती. पत्र बोटीने येईपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. त्यांच्यात म्हणे तिसऱ्या महिन्याला भिक्षूंना जेवू घालतात, भिक्षू पाठ म्हणतात, आणि ते पुण्य गेलेल्या माणसाला पोचतं. तो तिसरा महिना आता भरत आला होता. एकुलता एक मुलगा हा, आणि तो इथे.

"कोंढाण्याच्या लेण्यात पूर्वी भिक्षू राहत," तो म्हणाला. "तिथं नेशील?"

आमच्या गावावरच्या डोंगरातली ती; आम्ही त्यांना पांडवांची लेणी म्हणतो. उन्हाच्या वेळी शेरडं बसतात तिथे. पण घरी हे ऐकताच माझ्या आईने चूल पेटवली, भात केला, वर दही घालून पळसाच्या पानात बांधून दिला. मला म्हणाली, "आई गेलीया पोराची. नीट ने रं त्याला."

मी वाटभर त्याच्याशी वाद घातला. "कावळा शिवला की झालं. आमच्यात तसंच असतं."

"नाही. भिक्षूला द्यायचा. सूर्य डोक्यावर यायच्या आत."

"अरे, पण भिक्षू कुठाय?"

तो अनवाणीच पुढे चढत राहिला. चपला त्याने खाली ओढ्यापाशीच सोडल्या होत्या.

वर पोचल्यावर त्याने कारवीच्या फांदीने शेरडांच्या लेंड्या झाडल्या, दगडात कोरलेल्या खोल्यांसमोर भात मांडला आणि हात जोडून पाठ म्हणायला लागला. आवाज इतका गोड की मी कावळा शोधायचं विसरलो. मध्येच तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं... पुन्हा तिथेच अडला. मग डोकं खाली घालून बसला.

"पुढचं येत नाही. लहानपणी आई म्हणायची, मी नुसता तिच्या मागून म्हणायचो."

सूर्य डोक्यावर येत चालला होता. त्याच्या आईचं सगळं त्या एका ओळीपाशी अडलं होतं, आणि मला साधा रामरक्षेचा श्लोकही धड येत नव्हता!

तेवढ्यात आतल्या खोलीतून कोणीतरी पुढची ओळ म्हटली.

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. थोडा घोगरा, अजिबात घाई नसलेला. एक ओळ म्हणायची नि थांबायचं... गुणपालने डोळे मिटूनच ती मागून म्हटली. मग पुढची. मी उठलो आणि सरळ त्या खोलीत शिरलो. दगडी ओटा, एक वटवाघूळ, बस्स. आणि मी आत उभा असतानाच आवाज समोरच्या खोलीतून येत राहिला! तिकडे धावलो. तिथेही कोणी नाही. पाठ संपेपर्यंत मी मधल्या मंडपात खांबाला धरून उभा होतो. घाबरलो नव्हतो, हे लिहून ठेवा. पाय हलत नव्हते, एवढंच.

उतरताना मी विचारलं, "कोण होता तो?"

"मी बघितलं नाही," तो म्हणाला. "पण आईचं झालं." आणि संध्याकाळी कर्जतच्या फलाटावर, गाडी येईपर्यंत, तोच पाठ त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडता म्हणून दाखवला.

शिकलेले लोक मला म्हणतात, बाबा, तो पडसाद होता. अहो, मी त्या डोंगराखाली जन्मलो, तिथला पडसाद मला शिकवता? पडसाद तुमचंच तुम्हाला परत देतो. पुढची ओळ सांगत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी आई गेली. नदीवर सगळं रीतसर झालं, गोतावळा होता, भटजी होते, कावळाही लगेच शिवला. त्यानंतर एके दिवशी मी एकटाच लेण्यात जाऊन बसलो. दुपार कलेपर्यंत कान लावून बसलो होतो. वारा होता, खाली शेरडं होती. कोणी काही म्हणालं नाही. माझं काही अडलं नव्हतं, म्हणून असेल... की आणखी काही? मला ठाऊक नाही.