येते म्हणालीस की

भवानी पेठेतल्या आमच्या बोळात मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला दोन गोष्टी येत नव्हत्या. ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती आणि कुणाच्या घरातून नीट निघता येत नव्हतं. समुद्रकाठचं माझं गाव, सातवीत शाळा सुटलेली, सोलापूर नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी शेजारच्या अव्वानं शिकवल्या. अव्वा तेलुगू. नवरा कधीच वारलेला, एकुलता एक मुलगा. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मला ‘कोकणी’ म्हणायची.

एकदा तिच्याकडून चाळण घेऊन निघताना मी सहज ‘जाते’ म्हणाले.

“जाते म्हणून कुटं जायलीस, समुद्रात?” अव्वा म्हणाली. “जाते न्हाय म्हणायचं गं. येते म्हणायचं.”

तेव्हापासून मी दिवसातून चार वेळा ‘येते’ म्हणू लागले. जिभेला तेच वळण पडलं.

अव्वाचा मुलगा आणि आमचे हे एकाच कारखान्यात मागावर होते, अक्कलकोट रोडला. तिकडं तेव्हा नवे कारखाने उठत होते. झाड एक नव्हतं. उन्हाळ्यात दुपारच्या सुट्टीत सगळे सुताच्या गोदामाच्या भिंतीलगत, सावलीत डबे सोडून बसत. आत गठ्ठे पार छतापर्यंत रचलेले होते, असं मागाहून लोक म्हणाले. एका दुपारी ती भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली. आमच्या एका बोळातली चार माणसं गेली. अव्वाचा मुलगा त्यांत होता.

हे संध्याकाळी घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत मातीनं भरलेले, हातात डबा तसाच. मला म्हणाले, “मी उन्हात बसलो होतो.” मी त्यांना पाणी दिलं आणि मोरीत जाऊन देवाचे आभार मानले. मोरीत, कारण बाहेर चार घरांतून रडणं ऐकू येत होतं.

दोन दिवस पार सात रस्ता चौकापर्यंत दुकानं बंद होती. जीपमधून माणसं आली, हार आले, फोटो निघाले. मग जीप यायची थांबली आणि नळाची रांग उरली. पाणी कमी, रांग मोठी. त्या चार घरांतलं कुणी नळावर येत नव्हतं, पण त्यांच्या घागरी रांगेत असायच्या. कोण आणून ठेवायचं, कोण पुढं सरकवायचं, कुणी विचारत नसे. एरवी एका घागरीवरून झिंज्या धरणाऱ्या बायका त्या घागरी आधी भरायच्या. बोळातल्या घरांतले मागही बंद होते, त्यांतला पहिला दहाव्या-बाराव्या दिवशी सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, बंद करा रे. कुणीतरी म्हणालं, मग खायचं काय. माग चालूच राहिला.

मी अव्वाकडं जायचं टाळत होते. माझा माणूस घरी होता, तिचा नव्हता. शेवटी भिंत पडल्यावर पाचव्या दिवशी कपाळावरचं कुंकू बोटानं पुसून बारीक केलं आणि गेले. खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. अव्वा मधे, सूप कोपऱ्यात उपडं. मी बसले. अर्ध्या तासानं उठले आणि दाराशी जिभेनं आपलं काम केलं.

“येते हं अव्वा.”

दुःखाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. म्हटलं तर तसंच निमित्त पुन्हा येतं, असं मानतात. आमच्याकडंही हीच रीत. मला माहीत नव्हतं असं नाही.

एक बाई दुसरीला म्हणाली, “काय बोलली गं ही?” दुसरी म्हणाली, “हिचा हाय की घरात. हिला काय.”

पुढचे पंधरा-वीस दिवस मी कसे काढले ते आठवलं तरी थकवा येतो. हे कामाला निघाले की मी दारात उभी. यायला जरा उशीर झाला की बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन बघायची. वाटायचं, मी बोलले ते आता कुणाच्या तरी दारात उभं राहणार, बहुधा माझ्याच. अव्वाच्या दारावरून जाताना मान खाली घालायची. तिनं मला पुन्हा घरात घेतलं तर हे सुटेल, नाहीतर नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

एका दुपारी अव्वाच दारात आली. केस विस्कटलेले, लुगडं मळकं.

“येते म्हणालीस की,” ती म्हणाली. “किती दिस वाट बघायची?”

मी चुलीवरचं उतरवलं आणि तिच्यामागून गेले. तिनं सूप सरळ केलं, मला तेंदूची पानं आणि कात्री दिली. मी कातरत राहिले, ती वळत राहिली. त्या दिवसापासून रोज गेले.

रोज ती तेच सांगायची. त्या दिवशी सकाळी मुलगा डबा घेऊन निघाला तेव्हा ती म्हणाली होती, ऊन लई हाय, सावलीत बसून खा. “मीच सांगितलं की गं. सावलीत बस म्हणून.” मग विडीला दोरा गुंडाळायची, पुढचं पान घ्यायची, आणि पुन्हा तेच. लिहायला लाज वाटते, पण मला कंटाळा यायचा. मांडी अवघडायची, तंबाखूनं डोकं चढायचं, घरी पीठ भिजवलेलं असायचं. तरी उठवत नसे.

माझ्याकडं एक गोष्ट होती, ती मला गिळताही येत नव्हती आणि सांगताही येत नव्हती. भिंत पडली त्याच्या आदल्या दिवशी माझ्या आईनं गावाकडून पाठवलेली पिशवी आली होती. त्यात सुकट होती, वाळवलेली बारीक कोलंबी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसेनं ती कांद्यावर परतून यांच्या डब्यात दिली. डबा उघडल्यावर सोबतच्यांनी नाकं धरली. काही लिंगायत, मासळी न खाणारे. त्यांनी तर हात जोडले. हसून म्हणाले, “मालक, तुमचा समुद्र घेऊन तिकडं उन्हात बसा.” हे चिडून लांब, कंपाउंडाच्या दगडावर जाऊन बसले, असं मागाहून त्यांनीच मला सांगितलं.

एवढंच. त्या वासानं माझं घर राहिलं.

एके दिवशी अव्वानं ‘मीच सांगितलं की’ म्हटलं आणि मी कात्री खाली ठेवली. सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला बाहेर काढेल, आणि काढलं तर बरोबरच आहे.

अव्वानं हातातलं पान उलटंपालटं करून पाहिलं.

“वास आलता आमच्याकडं सकाळी,” ती म्हणाली. “म्हनलं, कोकणी काय मेलेलं शिजवायली.” मग म्हणाली, “एक मूठ आमालाबी द्यायची व्हतीस.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं विडी पुरी केली, सुपात टाकली. त्या दिवशी सावलीचं पुन्हा काढलं नाही. मी उठले, दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी चपला शोधत राहिले.

“मुकी झालीस व्हय?” मागून अव्वा म्हणाली. “बोल की, काय म्हणायचंय ते.”

“येते,” मी म्हणाले.

“ये.”

पावसाळ्याआधी आईची पुन्हा पिशवी आली. मी सुकट परातीत ओतली, हातानं मधोमध दोन वाटे केले आणि एक अव्वाकडं नेला. तिनं तवा ठेवला. वास पार नळापर्यंत गेला. नळावरची एक बाई ओरडून म्हणाली, काय जाळायलीस गं अव्वा? ती हलवत राहिली, आणि मी तिच्याजवळ बसून भाकरी थापायला घेतली.