शांततेचा कर्णा आणि बांधलेलं गाव

परवा नातीच्या फोनवर निरोप आला, "अफवांवर विश्वास ठेवू नका. शांतता राखा." मी चष्मा सावरून लगेच विचारलं, "कोणती अफवा गं?" ती हसत सुटली. "आजी, तुला माहीतच नाही तर विश्वास कशावर ठेवशील?" पोरगी हसून कामाला लागली आणि मला मात्र आलापल्लीचा तो पहिला प्रवास आठवला. इथे मी बोलते आणि नात टंकते, तेव्हा चुका तिच्या. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात की त्या जंगलात कधी जावं, रस्ता कसा आहे, खायला काय मिळतं. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीने.

भाषावार राज्यं करायचं चाललं होतं ते दिवस. मी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मामाकडे राहून शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. कोणता तालुका कुठे जाणार, सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे कोणाकडे, यावरून बाजारात बाचाबाची व्हायची, कुठे दगडही पडायचे. माझा थोरला भाऊ सिरोंच्याच्या वाटेवरच्या एका गावात मास्तर होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथली नातवंडं हे वाचतात. एके दिवशी लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस मामाच्या ओसरीवर बसून म्हणाला, "तिकडच्या मास्तरले तेलंग्यायनं मारलं म्हन्तेत." कोण म्हणतं, तर कोणीतरी. दादाचं पत्र महिनाभर आलं नव्हतं. 

त्याच आठवड्यात गावातल्या चार प्रतिष्ठितांनी शांतता समिती काढली. एक लॉरी, तिच्या टपावर बॅटरीवर चालणारा कर्णा, आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला संयमाचं आवाहन. पुढारी होते एक वकीलसाहेब. कर्ण्यात बोलायला केशवभाऊ नावाचा खड्या आवाजाचा कार्यकर्ता, आणि गाडी चालवायला इस्माईलभाई. मी वकीलसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. "बाईमाणसाचं काम नाही हे," ते म्हणाले. मी म्हटलं, "सख्खा भाऊ आहे माझा. तुम्ही नेलं नाही तर पायी जाईन." नेलं. पण मला वाटलं, हे इतक्या सहज कसे काय तयार झाले? मास्तरची बहीण सोबत असली की लोक गोळा होतात, हा हिशेब नसेल ना? मी अशीच आहे. आमची आई म्हणायची, कुसुम दुधालाही विचारेल की तू पांढरं कशाला.

चांद्याहून बल्लारपूर, मग गोंडपिपरी, मग आष्टी. आज तुम्ही सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला आलापल्लीत असाल. आमचा सगळा दिवस आष्टीपर्यंतच गेला. धूळ इतकी की केशवभाऊच्या मिशा पांढऱ्या झाल्या. फाल्गुन होता, मोहफुलं गळत होती आणि बायका पहाटेपासून टोपल्या घेऊन झाडांखाली होत्या. जायचं तर याच दिवसांत जा. पाऊस लागला की पुढे भामरागडकडची गावं तुटतात, मग बसा नदीकडे बघत.

गोंडपिपरीच्या पुढे एका गावात पहिली सभा झाली. माणसं कर्णा बघून खुश होती, एका म्हातारीने त्याला हात लावून पाहिला. केशवभाऊ गरजला, "बंधू-भगिनींनो! सिरोंच्याच्या वाटेवर एका मराठी मास्तरला तेलुगू लोकांनी मारलं, अशी अफवा पसरवली जात आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नका! संयम राखा!"

हसणारे चेहरे एकदम गप्प झाले. एक म्हातारा पुढे आला. "कोन्या मास्तरले मारलं म्हन्ता?"

"मारलं नाही, बाबा. अफवा आहे."

"मंग तुमी इतक्या दूरून कायले आले?" तो म्हणाला आणि मागे वळून पोरांकडे बघू लागला.

मला तेव्हा त्या म्हाताऱ्याचाच संशय आला. याला नक्की काहीतरी ठाऊक आहे आणि हा लपवतो आहे, असं वाटलं.

आष्टीला वैनगंगा. तेव्हा पूल कुठला! उन्हाळ्यात वाळूवर बांबूचे तट्टे टाकून वाट करायचे. आम्ही सगळे उतरलो, लॉरी ढकलली, चाकं रुतली, पुन्हा ढकलली. दोन सायकलवाले घंटी वाजवत आमच्या पुढून निघून गेले. पलीकडच्या खानावळीत गरम भात, आंबाडीची भाजी आणि नदीच्या माशांचं झणझणीत कालवण मिळालं. आजही तिकडे गेलात तर मासे सोडू नका, आणि तिखट कमी घाला असं आधीच सांगा. वाढता वाढता खानावळवाली म्हणाली, "बाई, त्या मास्तरचा हात तोडला म्हने. खरं हाये काय?"

 दोन ठिकाणी दोन माणसं तेच बोलत होती. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मला रडू कोसळलं. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, धीर धरा." मी मनात म्हटलं, हा माणूस सगळं जाणून आहे. केशवभाऊने तिथेही सभा घेतली.

आलापल्लीला पोचलो ते दुसऱ्या दिवशी. सागवानाचं जंगल एकदा तरी डोळ्यांनी बघाच. झाडं अशी सरळसोट की मान दुखते. जंगल खात्याच्या विश्रामगृहात वकीलसाहेबांची ओळख निघाली, म्हणून खोल्या मिळाल्या. आता तिथे राहायचं तर आधी परवानगी काढावी लागते, नाहीतर परत फिरवतात. बाजार भरला होता. केशवभाऊने बाजारात कर्णा लावला आणि तीच अफवा खोटी असल्याचं अगदी कळवळून सांगितलं. माणसं बैलगाड्या जुंपून लगबगीने निघाली. चहाच्या दुकानात एकाने दुसऱ्याला म्हटलेलं मी ऐकलं, "मास्तर तं मेला ना बे. बहीन आली पाह्यले." तो माझ्याकडेच बोट दाखवत होता.

त्यानंतर मी कोणाशी बोलले नाही. इस्माईलभाईने केळी आणून दिली, ती घेतली नाही. हा मघाशी गाडीवाल्यांशी काय कुजबुजत होता? माझा कोणावर म्हणून भरवसा उरला नव्हता. उद्या दादाचं तोंड बघायचं आहे की आणखी काही, एवढा एकच विचार डोक्यात होता.

सकाळी दादाच्या गावाशी आलो आणि इस्माईलभाईने करकचून ब्रेक लावला. रस्त्यावर आडवी दोरी होती. दोन झाडांना बांधलेली, कडुलिंबाचे डहाळे अडकवलेली. पलीकडे वीसेक माणसं काठ्या टेकून उभी होती. कोणी बोलेना. वकीलसाहेबांनी नमस्कार केला, कोणी हात जोडले नाहीत.

"नाकेबंदी केली आहे," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

आणि मला दादा दिसला. जिवंत, उभा, दोन्ही हात जागच्या जागी! मी ओरडले, "दादा!" त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि दोन घरांच्या मधून आत निघून गेला.

"दबाव आहे त्यांच्यावर," वकीलसाहेब म्हणाले. "ओलीस धरलंय. इस्माईल, गाडी वळव. आलापल्लीहून पोलिस घेऊन येऊ. तोवर केशव, तू कर्णा लाव, गावाला आवाहन कर."

खरं तर मलाही तेच वाटत होतं. पण काहीतरी खटकत होतं. आमचा दादा लहानपणापासून वहाणांशिवाय पाऊल टाकत नाही. नदीच्या वाळूतही वहाणा घालून जायचा, म्हणून आमच्या गावी, पोंभुर्ण्यात, पोरं चिडवायची. आणि आता तो अनवाणी होता. मी पुन्हा बघितलं, पलीकडचे सगळेच अनवाणी होते. छपरांवर पाहिलं, स्वयंपाकाची वेळ असून एकाही घरातून धूर नव्हता.

माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे ढोरांना रोग आला होता तेव्हा असंच गाव बांधलं होतं. शिवेवर पुजारी दोरी लावतो. मग दिवस मावळताना ती काढेपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. चूल नाही, वहाणा नाही, आणि दोरीपलीकडच्याशी एक शब्द नाही. मी तेव्हा चप्पल घालून अंगणात गेले म्हणून आजीने दणका दिला होता. बोललं तर बांधलेलं सुटतं. म्हणूनच दादाने पाठ फिरवली होती.

"वकीलसाहेब, थांबा. गाव बांधलंय यांनी. संध्याकाळी दोरी सुटेल."

"रोग कुठाय इथे? ढोरं तर चरताहेत."

 ढोरं खरोखर धडधाकट होती. पण पोलिस दोरी तोडून आत गेले तर काय होईल, ते मला दिसत होतं. तेवढ्यात केशवभाऊ टपावर चढून बॅटरी जोडू लागला. मला काय झालं कोण जाणे, मी मागून चढले आणि माझी वळकटी, सतरंजीसकट, त्या कर्ण्याच्या तोंडात कोंबली.

"ओ ताई! हे काय?"

"दोन दिवस जगाला संयम शिकवताय ना? मग आज दिवसभर आपणच धरू या. बसता का इथे?"

वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला. मी खाली उतरले आणि लॉरीच्या पुढच्या चाकाला टेकून बसले. इस्माईलभाईने किल्ली काढली, खिशात टाकली आणि माझ्या पलीकडे येऊन बसला. काल नाकारलेली केळी आम्ही तेव्हा खाल्ली. दिवस सरता सरत नव्हता. मधूनच वाटायचं, मी चुकले असले तर? आत काय चाललं असेल? पलीकडचे आमच्यावर नजर ठेवून, आम्ही त्यांच्यावर.

दिवस मावळताना पुजारी बुढा आला, काहीतरी पुटपुटला आणि दोरी सोडली. आधी ढोरं बाहेर आली, मग दादा. मी त्याच्या गळ्यात पडणार, तर तो कडाडला, "कुसुम, तुले कोनं बोलावलं इथी? आनि हा भोंगा घेऊन?"

"तू मेलास असं सगळे म्हणत होते!"

"कोन म्हनत होते? मी हिवतापानं पडलो होतो. नरसय्यानं खांद्यावर टाकून आपल्या घरी नेलं. कोनी दुरून पाह्यलं असन, की तेलंगा मास्तरले ओढून नेऊन राह्यला. ते तं इथल्या इथी मिटलं होतं बाई! काल आलापल्लीच्या गाड्या आल्या अन् सांगू लागल्या, मास्तर मेला, भोंग्यावर सांगून राह्यले. शेजारच्या गावची पोरं काठ्या घेऊन निघाली. अन् याले पाहा."

त्याच्यामागे एक बैलगाडी भरून उभी होती. वर हातमागाची सुटी केलेली लाकडं, भांडी, गाठोडी. बाजूला नरसय्या विणकर आणि कडेवर लेक घेतलेली त्याची बायको. तो मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, नेनु... मी जातो आता. दोरी सुटली."

तेव्हा कुठे सगळं कळलं. पोरं निघाल्याचं ऐकून नरसय्या पहाटेच गाव सोडणार होता. वाटेत पोरांच्या हाती सापडला असता तर संपलंच होतं. त्याला थांबवायचं आणि पोरांना बाहेर ठेवायचं, म्हणून दादाने पुजाऱ्याला गाव बांधायला लावलं. पुजारी तयार नव्हता. रोग नसताना बांधलं तर देव कोपेल म्हणे. अर्धी रात्र दोघांची हुज्जत चालली होती. शेवटी तो राजी झाला. पोरं दोरीपर्यंत आली आणि मुकाट परत गेली, कारण दोरी तोडायची त्यांचीही हिंमत नव्हती.

वकीलसाहेब दादासमोर आले. मग म्हणाले, "मास्तर, चूक आमची आहे. आता काय करायचं? सभा घेऊ?"

"नाई. काईच बोलू नका."

त्यांनी खरंच ऐकलं. मी त्या माणसावर एवढा संशय घेतला, पण हे मान्य करते. केशवभाऊने स्वतःच्या हाताने कर्णा उतरवून गोणपाटात गुंडाळला. दादाने नरसय्याला एवढंच म्हटलं, "उद्या आलापल्लीपर्यंत माझ्यासंगं चल. मंग तुले जिथी जायचं तिथी जा."

सकाळी नरसय्याची बायको-लेक गावातच राहिली आणि दोघे लॉरीत पुढेच उभे राहिले, एकच कांबळं पांघरून. प्रत्येक गावात गाडी हळू केली, कोणी अवाक्षर काढलं नाही. काठीवाल्या पोरांपैकी एकाने दादाला पाहून काठी पाठीमागे लपवली. बायका मोहफुलं वेचायच्या थांबून बघत राहिल्या. नरसय्या एकेक चेहरा न्याहाळत होता.

आलापल्लीत तो उतरला आणि गल्लीत शिरला. दादा तिथेच उभा राहिला. मी म्हटलं, "गेला तो."  बऱ्याच वेळाने नरसय्या परत आला, डोक्यावर सुताची मोठी गाठोडी घेऊन. माग लावायचा नसता तर सूत कशाला घेतलं असतं? दादाने ती गाठोडी त्याच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि दोघे गावच्या वाटेला लागले. मला साधा निरोपही दिला नाही, मेल्याने.

परतताना मी पोंभुर्ण्याला उतरले. मनात आलं, आईच्या कानावर काही गेलं असेल, आधी तिला सांगू दे. अंगणात शेजारची रखमाबाई तांदूळ पाखडत होती. मी दारातूनच ओरडले, "आई, घाबरू नको! दादा धडधाकट आहे. त्याला कोणी मारलं नाही!"

रखमाबाईचं सूप हातातच थांबलं. "अवो बाई," ती म्हणाली, "काऊन, कोनं मारलं होतं?"

आई चुलीपासून उठून धावत बाहेर आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी रात्रीपर्यंत अर्धं पोंभुर्णा आमच्या अंगणात बसलं होतं, आणि मी एकेकाला समजावत होते की काही झालं नाही. एकाचाही विश्वास बसला नाही. शेवटी बाबांना बैलगाडी जुंपून दादाला आणायला जावं लागलं.