सारखी किक

लॅबमधून हाती काही लागलं नाही, पण किस्से इतके साठलेत, की थिसिस त्यांच्यावरच झाला असता! दोन हजारच्या आसपासची गोष्ट. नाशकात मी कराटेवाल्यांच्या मांड्यांना स्नायूंमधली वीज टिपणारे इलेक्ट्रोड चिकटवत होते. एकच खेळाडू तीच किक पुन्हा पुन्हा मारतो, तेव्हा पायाचे स्नायू दर वेळी सारखंच काम करतात का, एवढंच मोजायचं होतं.

*

इलेक्ट्रोड बसायला मांडीवरचे केस काढून कातडी स्पिरिटनं पुसावी लागे. मालेगावचा एक धिप्पाड ब्लॅक बेल्ट रेझर बघूनच उठला.

"मॅडम, फरशी फोडायला सांगा, फोडतो. हे नाय जमणार!"

गेला तो गेलाच.

*

कोच गांगुर्डे सर म्हणाले, "माझी पोरं म्हणजे मशीन! कुणालाही घ्या."

घेतलं. एकाच पोराच्या किकचे ग्राफ एकमेकांवर ठेवले, तर नुसता गुंता! सर स्क्रीनजवळ आले.

"इतकी वर्षं मी शिकवलं काय हो मग?"

*

एकदा ग्राफ हुबेहूब आले. मी धावत गाइडना बोलावून आणलं.

"वा! खेळाडू कुठाय?"

"चहाला गेलाय."

"मग किक कोण मारतंय?"

वायर सुटून पडली होती. आम्ही भिंतीतली वीज मोजत होतो!

*

ती वीजही टिकेना. लोडशेडिंग सुरू झालं, की खेळाडू पाय वर घेऊन तसाच अंधारात. शेवटी गाइड म्हणाले, "बाई, विषय बदला."

*

ओझरची रेखा सगळ्यांत नेमानं यायची. तिचेही ग्राफ कधी जुळले नाहीत. "अजून एकदा, मॅडम!" म्हणायची. राज्य स्पर्धेच्या तोंडावर लग्न ठरलं आणि यायची थांबली.

वर्षभरानं मी सामान आवरत होते, तर दारात रेखा. साडी, हिरव्या बांगड्या.

"एकदा लावाल?"

"आता उपयोग नाही गं. विषयच बदललाय."

"मला आहे."

तिनं कपाटातली शॉर्ट घातली. मी इलेक्ट्रोड लावले. बांगड्या कोपरापर्यंत सारून ती किक मारत राहिली, धाप लागेपर्यंत. मी ग्राफ एकमेकांवर ठेवले. एकच रेघ दिसत होती.

रेखानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग साडी नेसली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, स्पिरिटचा वास येतोय का हो? खाली हे थांबलेत."