जावई म्हणतीन तोवर

लोक आम्हाला रिटायर्ड म्हणतात. अर्धवट रिटायर्ड म्हटलं तर जास्त खरं होईल. मी वर्ध्यातल्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून मोकळी झाले, आमचे साहेब पाटबंधारे खात्यातून सुटले. तेव्हापासून आम्ही दोघं एक तर कुठल्यातरी टूरवर असतो, नाही तर परदेशी निघालेल्या आईबापांना समोरच्या खोलीत बसवून इंग्रजी बोलायला शिकवत असतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, "तुमची मजा हाये बापा." आहे ना मजा. हजार वर्षांच्या देवळासमोर उभं राहून एक रिटायर्ड मॅनेजर जेव्हा म्हणतो की इथं पोहे काही बरे भेटत नाहीत, तेव्हा माझी मजा पुरती होते. ही माणसं देश पाहत नाहीत, उरकतात. "व्हिएतनाम झालं का?" "झालं." लहान पोराच्या लशी विचाराव्या तसं.

आमचे साहेब त्यांच्यातलेच. प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर तेच पुढे होतात, त्यांच्या त्या खात्यातल्या इंग्रजीत. "मॅडम विल टेक टी विदाउट शुगर." मला साखर लागते. पण मी आपली पर्स धरून मागे उभी, आणि तो फिका चहा कितीतरी देशांत प्यायला आहे. भांडण कायले करायचं, चहाच तर आहे, असं म्हणत आले.

क्लासमध्येही वेगळं काही नाही. आमच्याकडे येणारे पुरुष सगळे मोठे कर्तबगार. कोणी हेडमास्तर, कोणी तहसिलीतला बडाबाबू, कोणी दुकानदार. पोरगं बाहेर गेलं म्हणजे जणू यांनीच विमान उडवलं. पुरुष खुर्च्यांवर बसतात, बायका दिवाणावर. मी बाईला विचारते, "व्हॉट इज युअर नेम?" आणि खुर्चीवरून नवरा तिचं नाव सांगतो. बाई पदर सावरून हसते. अशी चीड येते की पुस्तक मिटून स्वयंपाकघरात निघून जावं. पण मी जात नाही, कारण मी गेले की साहेब माझ्या जागेवर बसून शिकवायला लागतात. ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नाही ते.

मागच्या उन्हाळ्यात सिंदी रेल्वे गावाहून एक जोडपं यायला लागलं. भाऊंचा कापसाचा व्यापार, आवाज मार्केट यार्डातला, खोलीतही तसाच. वहिनी मुकाट. पहिल्याच दिवशी पाणी मागायच्या निमित्तानं त्या माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात, तिला दिवस गेलेले. आधीच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. जावई ऑफिसात, ही एकटी बाथरूममध्ये.

"मॅडम, मले लय इंग्रजी नाई पाह्यजे," वहिनी म्हणाल्या. "थो व्हिसाचा मानूस काय विचारीन अन् मी काय सांगू, तेवढंच शिकवा. पोरगी रोज फोनवर रडून राह्यली. मले तिच्यापाशी जाच हाये."

मग मी तेवढंच शिकवलं. कुठे जाता, कशाला जाता, किती दिवस राहाल. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, तिथेच राहून जातील असं वाटलं की व्हिसा देत नाहीत. तीन महिने म्हणा, आणि परत का येणार तेही सांगा, असं मी दोघांना घोकून घेतलं. वहिनी घोकायच्या. भाऊंना मात्र ते पटेना.

"असं कसं म्हनाव मॅडम? पोरीच्या घरी जाच अन् आपनच तारीख सांगाची? जावई म्हनतीन तोवर."

आमच्याकडची रीतच आहे ती. लेकीच्या घरी गेलेला बाप कधी निघणार ते आपल्या तोंडानं सांगत नाही. सांगितलं तर जावयाच्या घरी त्याचं मन रमलं नाही, असा अर्थ निघतो. मी म्हटलं, भाऊ, तो खिडकीतला माणूस काही तुमचा व्याही नाही, त्याला तारीखच पाहिजे. तर साहेब मध्ये पडले. "भाऊंचं बरोबर आहे, ते पोलाइट वाटतं." झालं. दोन पुरुषांचं एकमत झाल्यावर माझं इंग्रजी गेलं चुलीत.

मुंबईला त्यांची मुलाखत झाली तेव्हा आम्ही सिक्कीम उरकत होतो. परत आलो, बॅगा अजून दारातच होत्या, आणि हे दोघं आले. भाऊंचा आवाज बसलेला. काय झालं ते वहिनींनीच सांगितलं.

व्हिसाच्या खिडकीतल्या माणसानं वहिनींना विचारलं, तुम्ही कशाला जाता. उत्तर भाऊंनी दिलं. तिथं काय कराल, असं वहिनींनाच विचारलं. तेही भाऊंनीच सांगितलं. मग त्यानं हात वर करून भाऊंना गप्प केलं. असं त्यांना आजवर कोणी केलं नसावं. आणि वहिनी म्हणाल्या, "बेबी कम्स. आय कुक, आय बाथ बेबी. थ्री मंथ. देन कॉटन कम्स, आय कम बॅक." तो माणूस म्हणे हसला. मग त्यानं भाऊंना विचारलं, तुम्ही किती दिवस राहाल? भाऊ ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "अ‍ॅज लाँग अ‍ॅज माय सन-इन-लॉ सेज."

वहिनींना व्हिसा मिळाला. भाऊंचा पासपोर्ट तिथल्या तिथे परत दिला.

मला हसू आवरेना. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. एवढा मोठा व्यापारी, जावयाचा मान राखायला गेला आणि खिडकीबाहेर राहिला.

पण भाऊ हसण्यासाठी आले नव्हते. "आता हिचंही राहू द्या म्हनतो मी. बाईमानूस एकटी कशी जाईन? मधात विमान बदलाव लागते. अन् हे आयकून नाई राह्यली. मॅडम, हे तुमचं आयकते. तुमीच सांगा हिले."

लेकीला सातवा लागला होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत साहेब सोफ्यावरून बोलले, "हो हो, मॅडमचंही तेच मत आहे. एकटीनं जाणं रिस्की. पुढच्या वेळी दोघं मिळून जा."

पुढच्या वेळी. म्हणजे बाळंतपण तोवर थांबणार होतं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सर, त्यायनं मॅडमले विचारलं. मॅडमले बोलू द्या."

या घरात असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिघंही माझ्याकडे पाहत होते. जा म्हणायचं होतं मला, एवढंच, एक शब्द. आणि माझी मान आधी साहेबांकडे वळली. विचारायला.

वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी पदर खोचला, पिशवी उचलली. "राहू द्या मॅडम," म्हणाल्या, "मी पोरीले फोन करून तिकीट काढाले सांगतो." आणि चपला घालून निघाल्या. भाऊंना मागे जावंच लागलं.

त्या गेल्या, एकट्याच. नात झाली. बाळ-बाळंतीण बरी आहेत, अशी खबर घेऊन भाऊ बर्फीचा डबा द्यायला आले होते. "सगळं जमलं तिले," म्हणाले, "मधातलं विमानही बदललं. मॅडमनं शिकवलं म्हनून."

मी हातात बर्फी धरून बसले होते. साहेबांनी माझ्या वतीनं थँक्यू म्हटलं.