पनवेलला चाकं आणायला

पहाटे जीप सुरू झाली तेव्हा अर्धा गाव वेशीवर उभा होता. निरोप द्यायला नव्हे, जीपमध्ये पुढच्या बाकावर गावची सून बसलीय हे बघायला. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं माझं. पुरंदराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या त्या गावात मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेली मी एकटीच. म्हणूनच मामंजींनी मला बरोबर घेतलं होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावच्या सहकारी सोसायटीचे अध्यक्ष. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सोसायटीला आठ बैलगाड्या घ्यायच्या होत्या आणि गाडी घ्यावी तर पनवेलची, हे आमच्याकडे जुन्या माणसांचं ठरलेलं. जीप होती वॉल्टरसाहेबांची. स्वातंत्र्यानंतर खेड्यांच्या सुधारणेची केंद्रं निघाली, त्यातलं एक आमच्या तालुक्यात होतं. तिथे नांगर, पंप, इंजिनं दुरुस्त करायला शिकवणारे हे अमेरिकन गृहस्थ. उंच, लाल मानेचे, फार कमी बोलणारे. त्यांना काही सुटे भाग आणायला मुंबईला जायचं होतं, पण "पनवेलला चाक कसं करतात ते मला बघायचंय" म्हणाले आणि मुंबई दुसऱ्या दिवसावर ढकलून आमच्याबरोबर निघाले. त्यांचं मामंजींना सांगायचं आणि मामंजींचं त्यांना, एवढंच माझं काम.

पुणं मागे पडलं, लोणावळा गेलं आणि खंडाळ्याच्या घाटात गाडी वळली तशी मी बाकाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसले. एका वळणावर डोंगर एकदम संपला आणि खाली कोकण पसरलेलं दिसलं. धुक्यात बुडालेली भातखाचरं, मध्येच एखादी ताडांची रांग आणि लांबवर नुसती चकाकती रेघ. "पाणी आहे का हो ते?" मी ओरडलेच. मामंजी हसून म्हणाले, "खाडी असेल. समुद्र आणखी पुढं." मला तेवढंही पुरे होतं. मी आतापर्यंत पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमच्या कऱ्हेचा पूर.

पनवेलात शिरताच हवा बदलली. अंगाला चिकटणारी, खारट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताच्या वखारी, कौलारू दुकानं आणि त्यांच्यामधून येणारा एक आवाज, ठण ठण ठण, कुठे थांबतच नव्हता. त्या आवाजाच्या मागावर गेलो आणि हसनमियाँच्या कारखान्याशी पोचलो. कारखाना म्हणजे मोठी उघडी जागा, वर विणलेल्या झावळ्यांच्या झापांचं छप्पर. भिंतीला टेकून चाकंच चाकं उभी, काही पुरी, काही नुसते तुंबे (चाकाच्या मध्यभागी असतो तो लाकडी गोळा), काहींना नुकते आरे बसवलेले. ताज्या बाभळीच्या भुशाचा वास इतका दाट होता की मला शिंका आल्या.

हसनमियाँ साठीचे, मेंदी लावलेली दाढी, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी मामंजींना हात धरून बसवलं. "अण्णा, तुमचे वालिद इथंच बसले होते, ह्याच ओट्यावर. त्यांनी नेलेल्या गाड्या अजून चालतायत ना?"

"चालतायत की! म्हणून तर आलो."

मग चहा आला, आणि चहाबरोबर एक रबरी टायरची गाडीही आली. तिच्यावर मुंबईचा एक विक्रेता बसला होता, पांढरी पँट, पायांत बूट. तो पनवेलात गावोगावच्या गिऱ्हाइकांना गाठायलाच आला होता आणि आमची बातमी त्याला बाजारात कळली होती. मामंजींना नमस्कार करून त्याने सरळच सांगितलं, "ही घ्या अण्णा. बैलाला अर्धा भार वाटतो. आता लाकडी चाकाचे दिवस संपले."

हसनमियाँनी कपबशी खाली ठेवली. मागे हातोड्याची ठणठण थांबली होती, सगळे कारागीर कान देऊन ऐकत होते. मी हसनमियाँना हळूच विचारलं, काय झालं, तेव्हा म्हणाले, "बेटी, ह्या रबरानं माझी निम्मी माणसं घरी बसवली. तुमचे हे सौदे पण गेले, तर दिवाळीनंतर मी भट्टी पेटवायची कशाला?"

मामंजी अडचणीत पडले. तरुणपणी त्यांनी परदेशी कापडाच्या होळीत आपलं लग्नातलं उपरणं टाकलं होतं. अंगावर अजून खादी. ते विक्रेत्याला म्हणाले, "आम्ही देशात झालेलीच वस्तू घेतो. तुमचा टायर विलायतेचा."

"नाही अण्णा. टायर आता आपल्याच देशात होतो. बघा, लिहिलंय वर."

मामंजी खाली वाकले. मला वाचायला लावलं. खरंच होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "म्हणजे हेही स्वदेशी आणि तेही स्वदेशी. आता करावं काय?"

तेवढ्यात दारातून एक बाई म्हणाली, "करायचा काय त्यात? दोनी गाड्या भरा नि हाका. बैल सांगल कंची बरी ती."

ही जानकीबाई. खाडीकाठच्या गावातली आगरी बाई, स्वतःची बैलजोडी ठेवून मिठागरातलं मीठ पनवेलच्या वखारीत आणायचं काम करणारी. काष्टा घट्ट मारलेला, दंडात चांदीची वेळ (वळं), हातात आसूड. चाकाची धाव (लाकडी चाकावरची लोखंडी कड) सैल झाली म्हणून ती आली होती आणि काम होऊन निघालीच होती. तिच्या बोलण्यावर सगळेच हसले आणि मग हसता हसता खरंच तयारीला लागले. विक्रेत्याला आपल्या मालाची खात्री होती. हसनमियाँना मागे हटता येत नव्हतं. माझं तर काळीज आनंदानं धडधडत होतं. असं काही बघायला मिळेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

आम्ही सगळे खाडीकाठी गेलो. मिठागरं म्हणजे जमिनीवर मांडलेले आरसे. चौकोनी वाफे, त्यांत स्थिर पाणी, कडेला मिठाचे पांढरेशुभ्र ढीग. दोन्ही गाड्यांवर सारख्याच मिठाच्या गोणी चढवल्या. पुढची गाडी मुंबईवाल्याची, मागची जानकीबाईची. आम्ही बांधावरून पायी.

रस्त्याला लागेपर्यंत पैजेचा प्रश्नच उरला नाही. रबरी गाडी न वाजता, न धक्का खाता अशी पुढे गेली की बैल माना डोलवत चालले होते. जानकीबाईचे बैल फुसफुसत होते, चाकं करकरत होती. मग चिखलातही बघायचं म्हणून परत खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या जमिनीच्या) चिखलात उतरलो तर तिथेही तेच. लोखंडी धाव चिखल कापत खाली गेली, रबर वरच्या वर तरंगत गेलं. माझी एक चप्पल त्या चिखलानं गिळली ती गिळलीच. वॉल्टरसाहेबांनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, पण सापडली नाही.

"बग गो बाय," जानकीबाई मला म्हणाली, "खोटा कशाला बोलू? ती गाडी हालकी हाय."

हसनमियाँ बांधावर खाली बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि मग खाडीच्या तोंडाशी वळताना फुस्स असा लांबलचक आवाज झाला. तिथल्या दगडांवर कालवं (दगडाला चिकटून राहणारे शिंपल्यातले जीव) असतात, त्यांच्या कडा सुरीसारख्या. एका टायरला हातभर चीर गेली. गाडी एका बाजूला कलली, गोणी चिखलात घसरल्या. विक्रेता खाली उतरून टायरभोवती फिरला. पंप मुंबईला, दुसरं चाक मुंबईला. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं, मीठ विरघळायला वेळ लागला नसता. जानकीबाईनं "आता उभे काय रायलाव? उचला!" असा पुकारा केला आणि मामंजी, वॉल्टरसाहेब, बूट काढून विक्रेता, मी, सगळ्यांनी ओल्या गोणी तिच्या गाडीवर चढवल्या. दुप्पट ओझं घेऊन तिचे बैल त्या कालवांवरून, दगडांवरून, खडखडत वर आले. धावेवर ओरखडासुद्धा नव्हता. मी अनवाणी एका पायाने लंगडत टाळ्या वाजवत होते.

जानकीबाईनं भाकऱ्या सोडल्या. तांदळाच्या, पांढऱ्या, घडी घातलेल्या रुमालासारख्या मऊ, आणि सोबत सुकटीची (वाळवलेल्या बारीक मासळीची) चटणी. आमच्या ज्वारीच्या हातांना ती भाकरी इतकी नाजूक लागली की धरतानाच तुटायची. वॉल्टरसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ते चटणी मागून घेत होते.

खाताना मामंजींनी त्यांना विचारलं, "साहेब, तुमच्या देशात हा प्रश्न नसेल. तिथं काय, सगळं कारखान्यात, सगळ्यांना काम."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी भाकरी खाली ठेवली. मग एकेक वाक्य बोलत गेले आणि मी ते मराठीत सांगत गेले. त्यांचं गाव नदीकाठी. गावात कापडाची एकच मोठी गिरणी, तिच्या भोंग्यावर सगळं गाव उठायचं, जेवायचं. त्यांचे आजोबा, आई, ते स्वतः, सगळे तिथेच. साहेब मागांचे जॉबर (मागांवरच्या कामगारांचे मुकादम) होते. मग मालकानं गिरणी उचलून दक्षिणेकडच्या एका राज्यात नेली, तिथं मजुरी कमी होती. भोंगा बंद झाला. जॉबर असलेला माणूस घरोघर जाऊन पंखे दुरुस्त करू लागला आणि शेवटी इथे आला.

"अमेरिकेत गिरणी बंद पडते?" मामंजींच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "मग लोकांनी गावचंच कापड घ्यायचं! परदेशी घेतलं म्हणून असं झालं."

साहेबांनी मान हलवली. "परदेशी नव्हतं ते. माझ्याच देशातलं होतं. दुकानात स्वस्त मिळायचं, आणि लोकांचा पगारच तेवढा. त्यांचा दोष नाही. पण आमचे माग आजोबांच्या वेळचे होते. नवे आणा म्हणून आम्ही मालकाला सांगत राहिलो. तो म्हणायचा, आहे ते चालतंय."

हे मी लांब बसलेल्या हसनमियाँना सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, त्याच आवाजात पुढे बोलून गेले. "चाचा, गाडी म्हणजे नुसती चाकं नव्हेत. माल ठेवायची साटी आहे, दांड्या आहेत, जू आहे. मुंबईवाल्यांकडून नुसता दोन चाकांमधला आस आणि टायर घ्या. बाकी गाडी इथं करा. खडकाळ रानाला तुमचं चाक, पक्क्या रस्त्याला रबर. दोन्ही गाड्या ह्याच छपरातून निघाल्या तर?"

मामंजींनी माझ्याकडे रोखून बघितलं. "सूनबाई, हे साहेब बोलले की तू?"

माझे कान गरम झाले. "मीच, मामंजी."

मग जानकीबाई खदखदून हसली. "पोर शाणी हाय गो!"

हसनमियाँनी मात्र हसण्यावर नेलं नाही. म्हणाले, "बेटी, माझ्या बापानं रबराला हात लावला नसता."

मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. "मालकही तसंच म्हणायचा," वॉल्टरसाहेब म्हणाले. मी तेवढं भाषांतर केलं, माझ्याकडून एक अक्षरही न घालता.

हसनमियाँनी दाढीवरून हात फिरवला. मग विक्रेत्याकडे वळले. "टायर फाटला तर पनवेलात बदलून कोण देणार?"

"तुम्ही ठेवत असाल तर तुम्हीच," विक्रेता म्हणाला. टायर मुंबईहून पाठवायला आणि बाकीची गाडी इथं होऊ द्यायला तो तयार झाला. बूट हातात घेऊन चिखलात उभं राहिल्यावर माणूस समजूतदार होतो, असं मला तेव्हा वाटलं.

सौदा ठरला. आमच्या डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांसाठी लाकडी चाकांच्या पाच गाड्या, आणि सासवडच्या बाजाराला माल नेणाऱ्यांसाठी तीन रबरी, सगळ्या हसनमियाँच्या हातच्या. मामंजींनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्याच दुपारी पहिल्या चाकाला धाव चढवली. गोवऱ्यांच्या गोल जाळात ती लोखंडी कड लालबुंद होईपर्यंत तापली. चौघांनी सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवली, लाकडानं पेट घेतला, ज्वाळा उठल्या, आणि "पाणी! पाणी!" ओरडा झाला. मी बादली उचलली. वॉल्टरसाहेबांनी हातोडा मागून घेतला. वाफेच्या ढगात कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं, नुसते घाव ऐकू येत होते आणि आवळल्या जाणाऱ्या आऱ्यांची करकर. वाफ विरली तेव्हा साहेब काळेकुट्ट, चिंब भिजलेले आणि लहान पोरासारखे हसत उभे होते. हसनमियाँच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला होता. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि मला मध्ये बोलवायची गरज कुणालाच वाटली नाही.

संध्याकाळी आम्हाला पुण्याच्या एसटीत बसवून वॉल्टरसाहेब मुंबईला गेले. निरोप देताना मी म्हटलं, "हात धुवा, साहेब." त्यांनी तळवे उलटेसुलटे करून बघितले. "नको," म्हणाले. "गिरणी गेल्यापासून असे हात झाले नव्हते."

घरी पोचले तेव्हा आळीतल्या बायका जमल्याच. समुद्र कसा असतो, पनवेलच्या बाजारातून काय आणलंस, सगळं एकदम. मी बाजार पाहिलाच नव्हता! एका पायात चप्पल, पदराला भट्टीचा काळा डाग, आणि आणलेलं काहीच नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मामंजी मात्र बाहेरच्या ओसरीवर मोठ्यानं सांगत होते, "सौदा आमच्या सूनबाईनं जुळवला."

दुकानात एखादी वस्तू हातात घेतली की ती देशातली आहे का, असं मी पूर्वीही विचारायची. त्या दिवसापासून पुढचंही विचारू लागले, ती कुठल्या गावची आणि तिथली भट्टी अजून पेटते का. बहुतेक दुकानदारांना ते सांगता येत नाही. मग मीच त्यांना सांगत बसते, मिठागरं, कालवं, जानकीबाईचे बैल आणि तिकडे लांब अमेरिकेत नदीकाठी एका गावात भोंगा वाजत नाही ते, आणि माझ्या मागे गिऱ्हाइकं खोळंबतात.